दगडांच्या मागावर

ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीतले खांब एकमेकांशी जुळत नाहीत. एक तांबूस ग्रॅनाइटचा, शेजारचा पांढऱ्या संगमरवराचा, त्याच्या पलीकडचा करड्या शिरांचा. खांब आखूड पडला तिथे खाली जाड बैठक दिली आहे, लांब निघाला तिथे पातळ. माथ्यावरच्या कोरीव कामाचंही तेच. एकावर रोमन पद्धतीची वळलेली पानं, तर पुढच्यावर वेगळ्याच शतकातल्या वेगळ्याच हाताचं नक्षीकाम. यातला जवळजवळ एकही खांब या मशिदीसाठी घडवलेला नाही. उकबा इब्न नाफीने ६७० मध्ये कैरवान वसवलं आणि नवव्या शतकात, ८३६ पासून, अघलबी अमिरांनी ही मशीद नव्याने बांधून काढली. तेव्हा कार्थेज, हद्रुमेटम आणि आसपासच्या ओस पडलेल्या रोमन गावांतून हे खांब इथवर ओढून आणले गेले.

मुसलमान नसलेल्या माणसाला नमाजाच्या दालनात जाता येत नाही, दाराशी उभं राहून आत डोकवायचं. मात्र अंगण सगळ्यांना खुलं आहे आणि खरं पाहण्यासारखं तिथेच जास्त आहे. फरसबंदीला चारही बाजूंनी मधोमध उतार दिला आहे. मध्यभागी संगमरवराची एक खोलगट शिळा. तिच्यात पायरीपायरीने कोरलेल्या खाचा आहेत, त्यांत पावसाच्या पाण्यातली धूळमाती अडते आणि निवळलेलं पाणी खालच्या टाक्यात जातं. टाक्यातून पाणी शेंदायला जी विहिरीची तोंडं आहेत, तीही जुन्या रोमन खांबांच्या बैठका आरपार पोखरून केलेली. शेकडो वर्षं दोर घासून त्यांच्या कडेला खोबणी पडल्या आहेत. मी एकीत करंगळी ठेवून पाहिली, अख्खी बसली.

ट्युनिशियात समुद्रकिनारी सुट्टीला येऊन एकेका दिवसाची सफर करणाऱ्याने आधी कैरवानला यावं, असं माझं मत आहे. सहली विकणारे उलटं सांगतात. त्यांच्या यादीत कार्थेज पहिलं. पण जुळत नसलेले हे खांब पाहून घेतले की पुढच्या प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न आपोआप पडतो: इथला दगड गेला कुठे? या देशात तो प्रश्न तिकिटापेक्षा उपयोगी पडतो.

हम्मामेत आणि सूस हे इथले किनाऱ्यावरचे मोठे तळ. १९५६ मध्ये फ्रेंचांपासून स्वातंत्र्य मिळालं, आणि साठच्या दशकापासून सरकारने इथे हॉटेलं उभी राहतील हे जातीने पाहिलं. युरोपातल्या थंडीला कंटाळलेली माणसं आठवडाभराचं जेवणखाण-राहणं आधीच पैसे भरून येतात, वाळूत पडून राहतात आणि दोन दिवस पाठ भाजली की त्यांना इतिहास आठवतो. हॉटेलच्या दिवाणखान्यात त्यांच्यासाठी सहलींचा फलक असतो. बस पहाटे निघते, पण लगेच गावाबाहेर पडत नाही. दहा हॉटेलांच्या दारात थांबून माणसं गोळा करता करता ऊन वर येतं. मग रस्ता, मग भग्नावशेषांत जेमतेम पाऊण तास, मग ठरलेलं जेवण, आणि कैरवानला असाल तर गालिच्यांचं दुकान. कैरवानचे गाठीचे गालिचे खरोखर नावाजलेले आहेत, त्यात फसवणूक नाही. पण पुदिन्याचा चहा पाजून तासभर गालिचे उलगडून दाखवायचे आणि मशिदीला वीस मिनिटं द्यायची, हा हिशेब मला पटला नाही. असा एक दिवस काढला आणि पुढचा प्रवास आम्ही दोघांनी लुआजने आणि आगगाडीने केला.

लुआज म्हणजे आठ प्रवाशांची पांढरी व्हॅन. अंगावर लाल पट्टा असेल तर लांब पल्ल्याची, निळा असेल तर प्रांतातल्या प्रांतात फिरणारी, पिवळा असेल तर खेड्यापाड्यांत जाणारी. वेळापत्रक नाही, गाडी भरली की सुटते. अड्ड्यावर शिरलात की चालक आपापल्या गावाचं नाव सलग चार-पाच वेळा ओरडत असतात. त्यातलं आपलं नाव कानांनी पकडायचं आणि तिकडे वळायचं. दर ठरलेले असतात, घासाघीस नाही. सकाळी गाडी दहा मिनिटांत भरते, दुपारी आठव्या माणसाची वाट पाहत सगळे दार उघडं टाकून बसतात. घाई असेल तर रिकाम्या जागेचे पैसे भरून टाकायचे, चालक खूश आणि मागे बसलेले त्याहून खूश.

खाण्याबद्दलही सांगून टाकतो, कारण घरी परतल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. टेबलाशी बसलात की आधी पाव, ऑलिव्हचं तेल आणि हरिसा येतो. हरिसा म्हणजे वाळवलेल्या लाल मिरच्या, लसूण, धणे आणि शहाजिरं घालून वाटलेला गोळा. मराठी जिभेला इथवर काहीच अडचण नाही. अडचण आहे ती ट्यूना माशाची. मांस नको म्हटलं की मालक समजूतदारपणे मान हलवतो आणि कोशिंबिरीवर ट्यूना पसरून आणतो. मासा हे मांस नव्हे, यावर तिथे एकमत आहे. शाकाहाऱ्यांनी लबलाबीवर भिस्त ठेवावी: शिळ्या पावाच्या तुकड्यांवर ओतलेले रसदार काबुली चणे, वर जिरं आणि हरिसा. पण तिथेही वाडगा भरताना भांड्याकडे लक्ष असू द्यावं.

कार्थेजला ट्युनिसहून छोटी लोकल जाते. या रेल्वेची सुरुवात १८७२ ची. स्टेशनांची नावं वाचतच माणूस हरखून जातो: कार्थेज सालाम्बो, कार्थेज बिर्सा, कार्थेज हॅनिबल. सालाम्बो ही फ्लोबेरच्या १८६२ च्या कादंबरीची नायिका. एका फ्रेंच लेखकाच्या कल्पनेतल्या बाईचं नाव उपनगराला पडलं आणि ते स्वातंत्र्यानंतरही टिकलं. स्टेशनातून बाहेर पडलं की मात्र हिरमोड होतो. बोगनवेलीने झाकलेले बंगले, गुळगुळीत रस्ते, शाळेतून सुटलेली मुलं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचं महानगर कुठे आहे? ते या बंगल्यांच्या खाली आणि मधल्या मोकळ्या तुकड्यांत विखुरलेलं आहे. एकाच तिकिटावर हे तुकडे पाहता येतात, पण त्यासाठी पायपीट करावी लागते.

इसवी सनापूर्वी १४६ मध्ये तीन वर्षांच्या वेढ्यानंतर सिपिओ एमिलियानसच्या रोमन फौजेने शहर जाळलं. नंतर जमिनीत मीठ पेरलं, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक वाटाड्या सांगेल. ती एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेली नाही. फार नंतरच्या काळात इतिहासाला चिकटलेली ही फोडणी आहे. मीठ पेरलं असतं तर शंभरेक वर्षांत रोमनांनी तिथेच आपलं शहर वसवलं कसं असतं? ते वसलं, फोफावलं आणि पश्चिमेकडच्या सर्वांत मोठ्या शहरांत गणलं जाऊ लागलं. कार्थेज दिसत नाही याचं कारण मीठ नाही, बांधकाम आहे. ६९८ मध्ये अरबांनी शहर घेतलं, सत्ता शेजारच्या ट्युनिसला गेली आणि पुढची हजार वर्षं कार्थेज ही एक उघडी खाण झाली. ट्युनिसच्या जैतुना मशिदीतले खांब तिथले. कैरवानमधलेही बरेचसे तिथलेच.

बिर्साच्या टेकडीवर या गोष्टीची उलटी बाजू दिसते. रोमनांना तिथे सार्वजनिक चौक हवा होता, म्हणून त्यांनी टेकडीचा माथाच कापून सपाट केला आणि निघालेली माती-दगड उतारावर लोटले. त्या भरावाखाली हॅनिबलच्या काळातली एक वस्ती गाडली गेली आणि त्यामुळेच वाचली. आज भराव काढलेला आहे. सरळ रेषेतल्या अरुंद गल्ल्या, प्रत्येक घराखाली पाण्याचं टाकं आणि या सगळ्यातून घरांच्या डोक्यावरून वर गेलेले रोमन पायाचे जाडजूड खांब. इथलं घर सहा-सहा मजल्यांचं होतं आणि बंदरापासून या टेकडीपर्यंत घराघरांतून, गच्चीगच्चीवरून सहा दिवस लढाई चालली, असं अप्पियन या प्राचीन इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. गल्लीची रुंदी पाहिली की सहा दिवस का लागले ते कळतं. टेकडीच्या माथ्यावर हल्ली १८९० चं फ्रेंच कथीड्रल आहे, १२७० मध्ये धर्मयुद्धावर येऊन इथेच आजाराने मेलेल्या नवव्या लुईच्या नावाचं.

समुद्रालगतची अँटोनाइन स्नानगृहं दुसऱ्या शतकातली, रोमन आफ्रिकेतली सर्वांत मोठी. पर्यटक ज्या कमानींखाली उभे राहून फोटो काढतात ते स्नानगृह नव्हेच, त्याचं तळघर आहे. तिथे गुलाम लाकडं रचत, भट्ट्या पेटवत, राख उपसत. संगमरवरी हौद आणि दालनं या तळघराच्या डोक्यावर होती, ती केव्हाच उचलली गेली. वर एवढी उंची होती हे कळावं म्हणून एक खांब पुन्हा उभा केला आहे, पंधरा मीटरचा. या हौदांना पाणी यायचं झगुआनच्या डोंगरातून, सव्वाशेहून अधिक किलोमीटरच्या पाटाने. ट्युनिसच्या दक्षिणेला रस्त्याच्या कडेने त्याच्या कमानी अजून मैलोगणती उभ्या दिसतात. स्नानगृहांना लागून राष्ट्राध्यक्षांचा वाडा आहे. त्या बाजूला कॅमेरा वळवू नका, पहारेकरी ताबडतोब हाक मारतो.

दुग्गा ट्युनिसच्या नैर्ऋत्येला सुमारे ११० किलोमीटरवर. लुआजने तेबुर्सुक गाठायचं, तिथून टॅक्सी. शेतं, ऑलिव्हची झाडं, मेंढ्या, आणि मग टेकडीच्या उतारावर एक अख्खं गाव. रोमनांनी सपाट जागी आखून बसवलेलं हे शहर नव्हे. न्युमिडियन या इथल्या मूळच्या लोकांचं जुनं गाव होतं, त्यावर रोम चढलं, म्हणून रस्ते वाकडेतिकडे आहेत. कॅपिटलचं देऊळ १६६-१६७ चं, साडेतीन हजार माणसांचं नाट्यगृह त्यानंतर एकदोन वर्षांतलं. देवळासमोरचा चौक मात्र अर्धवट दिसतो, कारण सहाव्या शतकात बिझंटाइन फौजेने चौकातलेच दगड उचलून त्याभोवती किल्ला रचला.

पण दुग्गात मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो खालच्या बाजूच्या एकवीस मीटर उंच समाधीपाशी. न्युमिडियन काळातल्या थोरल्या वास्तू फार थोड्या उरल्या आहेत, त्यांतली ही एक. तिच्यावर प्युनिक (कार्थेजची) आणि लिबिक (न्युमिडियन लोकांची) अशा दोन लिपींतला लेख होता. १८४२ मध्ये ट्युनिसमधला ब्रिटिश वाणिज्यदूत सर टॉमस रीड याला तो हवा झाला. लेखाची शिळा काढण्यासाठी त्याने अख्खी समाधी पाडली. शिळा लंडनला गेली, आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या आधारे लिबिक अक्षरं वाचता येऊ लागली, हे खरं. पण ठसा घेऊन काम भागलं असतं, हेही खरं. पुढे १९०८ ते १९१० या काळात लुई प्वांसो या फ्रेंच संशोधकाने आजूबाजूला पडलेले चिरे गोळा करून समाधी पुन्हा उभी केली. जवळ गेलं की चिऱ्यांच्या तुटलेल्या कडा दिसतात. आपल्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट त्याच म्युझियममध्ये पाहिलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुग्गाच्या जमिनीवरची मोझेक चित्रंही तिथे नाहीत. शिडाच्या खांबाला बांधून घेतलेला युलिसिस आणि त्याला भुलवणाऱ्या सायरेन हे प्रसिद्ध चित्र ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात भिंतीवर लावलेलं आहे. सूसमध्ये सापडलेला, दोन कलादेवींच्या मध्ये बसलेला कवी व्हर्जिल तिथेच. पायांखाली तुडवायला केलेली ही चित्रं भिंतीवर उभी पाहताना मान अवघडत नाही, एवढी सोय झाली. बार्दोच्या प्रवेशदारापाशी नावं कोरलेला एक फलक आहे, १८ मार्च २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्यांचा. त्याच वर्षी २६ जूनला सूसच्या किनाऱ्यावर ३८ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढची काही वर्षं हॉटेलं ओस होती. आता गर्दी परतली आहे, पण हॉटेलच्या फाटकावर गाडीच्या पोटाखाली आरसा फिरवून तपासणी होते ती त्यामुळे.

एल जेमला आगगाडीने जावं. सूस सोडलं की ऑलिव्हच्या बागा सुरू होतात, ओळीने, अंतर मोजून लावलेल्या, संपता संपत नाहीत. तासाभराने सपाट क्षितिजावर गावाच्या घरांपेक्षा कितीतरी उंच असं काहीतरी उगवतं. तेच अँफिथिएटर, २३८ च्या सुमाराचं. ना नदी, ना डोंगर, ना बंदर, अशा जागी ३५ हजार माणसं बसतील असा आखाडा का? उत्तर खिडकीतून तासभर दिसत असतंच: तेल. थिस्ड्रस या तेव्हाच्या गावाच्या आसपासचं ऑलिव्हचं तेल सालाक्ता बंदरातून रोमला जायचं. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात व्यापारी पेढ्यांचा चौक आहे, तिथल्या फरशीवर सालाक्ताच्या जहाजवाल्यांचं नाव मोझेकमध्ये आजही वाचता येतं. आखाड्याचा दगडही त्याच किनाऱ्यावरच्या खाणींतला, तीसेक किलोमीटर गाड्यांवर घालून आणलेला. तेल जाताना आणि दगड येताना, वाट एकच.

पैसा होता तसा माजही होता. २३८ मध्ये सम्राट मॅक्सिमिनसच्या वसुली अधिकाऱ्याने इथल्या जमीनदारांना पिळायला घेतलं, तेव्हा त्यांच्या तरुण पोरांनी त्याला ठार केलं. आता सुटका नाही म्हणून त्यांनी ऐंशीच्या घरातल्या गॉर्डियन या प्रांताधिकाऱ्याला गाठून जबरदस्तीने सम्राट केलं. म्हाताऱ्याचं राज्य जेमतेम तीन आठवडे टिकलं. मुलगा कार्थेजजवळच्या लढाईत पडला, बापाने गळफास घेतला.

आखाड्याच्या एका बाजूला मोठं खिंडार आहे. ते काळाने पाडलेलं नाही. करावरून बंड करणारे लोक आत शिरून इमारतीचा किल्ला करत, म्हणून १६९५ मध्ये ट्युनिसच्या बेने (तिथल्या राज्यकर्त्याने) मुद्दाम भिंत फोडली. मोकळे झालेले चिरे गावाने घरांना वापरले. खिंडाराच्या बाजूच्या गल्लीत फिरताना चुना लावलेल्या घरांच्या कोपऱ्यांत त्याच पिवळसर रंगाचे, नको इतके मोठे आणि नको इतके काटकोनी दगड बसवलेले दिसतात. मी एका घरापुढे जरा जास्तच वेळ थांबलो, तेव्हा आतल्या आजीबाईंनी दार उघडून ‘तिकडे, तिकडे’ असा हात केला. त्यांच्या मते मी आखाड्याचा रस्ता चुकलो होतो.

या आगगाडीच्या वाटेवर, ट्युनिसहून येताना सूसच्या अलीकडे, एन्फिदा स्टेशन आहे. हम्मामेतला येणाऱ्या बऱ्याच परदेशी पर्यटकांचं विमान एन्फिदालाच उतरतं आणि बस त्यांना घेऊन किनाऱ्याकडे धावते. पश्चिमेला दिसणाऱ्या डोंगररांगेत जेबेल गार्सी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या एप्रिलमध्ये, चौथी भारतीय डिव्हिजन त्या खडकांवर रात्रीच्या अंधारात चढली. शेजारच्या ताक्रूनाच्या कड्यावर न्यूझीलंडचे माओरी लढत होते. राजपुताना रायफल्सच्या चौथ्या बटालियनचा कंपनी हवालदार मेजर छेलू राम याला १९-२० एप्रिलच्या रात्री गार्सीवरच्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो स्फॅक्सच्या युद्ध-दफनभूमीत आहे, एल जेमहून त्याच आगगाडीने आणखी साठेक किलोमीटर पुढे. १२ मे रोजी जर्मन सेनापती फॉन आर्निम शरण आला तोही याच डिव्हिजनच्या हाती. कुठल्याही सहलीच्या फलकावर स्फॅक्सच्या या दफनभूमीचं नाव नाही. भारतातून येणाऱ्याने एक दुपार तिकडे द्यायला हरकत नाही.

आता केर्कुआन. हम्मामेतच्या ईशान्येला समुद्रात घुसलेल्या काप बोनच्या टोकाकडे हे गाव आहे. नाबुलहून केलिबियापर्यंत लुआज मिळते, पुढचे दहा-बारा किलोमीटर टॅक्सी. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक शाळेची सहल होती, आणि ती निघून गेल्यावर आम्ही, दोन माळी आणि वारा.

इथे उंच खांब नाहीत. भिंती गुडघ्याएवढ्या. फोटोत काहीच येत नाही, म्हणून सहलवाले आणत नाहीत. पण कार्थेजच्या लोकांचं, रोमनांनी हात न लावलेलं, गाव जसंच्या तसं पाहायचं तर ते इथेच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्याला, रोम आणि कार्थेज यांच्यातल्या पहिल्या प्युनिक युद्धाच्या धामधुमीत, हे गाव ओस पडलं. नंतर तिथे कोणी राहायला आलं नाही, वर चौक बांधला नाही, खांब ओढून नेले नाहीत. न्यावेत असे खांबच नव्हते. १९५२ मध्ये ते सापडलं.

घरात शिरताना वाट काटकोनात वळते, रस्त्यावरून आतलं अंगण दिसू नये म्हणून. वळणाच्या आसपासच न्हाणी. ती पाहायला मी खास वाकून बसलो. बुटासारख्या आकाराचा, बसून अंघोळ करायचा हौद, टेकायला बाजूला हात, पुढे पाय सोडायला खोलगा, आणि पाणी जाण्याची मोरी थेट गल्लीत. सगळ्याला कुटलेल्या खापऱ्या घातलेल्या चुन्याचा गुलाबी गिलावा, तेवीसशे वर्षांत फारसा भेग न पडलेला. अशी न्हाणी एका श्रीमंताच्या घरी नाही, घरोघरी आहे. रोमन माणूस स्नानाला गावात जायचा, चार लोकांत बसायचा; हा दार लावून एकटा अंघोळ करायचा.

जमिनी त्याच गुलाबी चुन्याच्या, त्यात पांढऱ्या संगमरवराच्या चिपा विखुरलेल्या. सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या ब्लॉकमध्ये ज्याचं बालपण गेलं, त्याला ही जमीन ओळखीची वाटेल: ती आपली मोझेक लादीच आहे. एका उंबऱ्यात त्याच चिपांनी तानित देवीची खूण काढली आहे. एक त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, रेघेवर गोल. शेजारच्या छोट्या संग्रहालयात लाकडी शवपेटीचं झाकण आहे, पायघोळ वस्त्र नेसलेल्या स्त्रीच्या आकाराचं. लाकूड एवढी शतकं टिकावं हेच नवल.

हम्मामेतला उतरलात आणि पाठ भाजून घेण्यातून एकच दिवस मोकळा होणार असेल, तर तो केर्कुआनला द्या असं मी सांगेन आणि एल जेमवाले माझ्यावर रागावतील. केलिबियातून टॅक्सी करताना परतीचंही तेव्हाच ठरवा, पैसे अर्धेच द्या आणि तास-दीड तासाने यायला सांगा, कारण केर्कुआनच्या फाटकाशी दुसरं वाहन मिळत नाही. परत आल्यावर केलिबियाच्या किल्ल्यावर चढायला ऊन उतरेपर्यंत थांबावं. तोवर खाली बंदरावर भाजलेला मासा आहे, आणि घेत असाल तर तिथल्याच द्राक्षांची कोरडी मस्कॅट. शेवटची लुआज किती वाजता भरते ते मात्र अड्ड्यावर आधी विचारून ठेवा.